टँटलम डायसल्फाइडचं प्रात्यक्षिक: प्रकल्प नोंदी

१६ जून

एमएस्सी भाग दोनच्या घनस्थिती प्रयोगशाळेत यंदा एक नवा प्रयोग बसवायचा आहे. जर्मेनियमचा फोर-प्रोब, हॉल परिणाम, फेराइटचा क्युरी बिंदू ही यादी मुलं आदल्या वर्षीच्या जर्नलांवरून पाठ करूनच येतात. वाचनं घेण्याआधीच उत्तर माहीत असतं. म्हणून प्रभार-घनता तरंग घ्यायचं ठरवलं, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉनांची घनता लाटेसारखी ठरावीक अंतराने कमी-जास्त होते आणि अणूही तिच्यासोबत किंचित सरकतात, ते. विभागप्रमुखांनी एकच प्रश्न विचारला: "मॅडम, हीलियम लागणार का?" नाही लागणार. म्हणूनच पदार्थ निवडताना पहिली चाळणी तापमानाची लावली. आमच्या हातात द्रव नायट्रोजन आहे, म्हणजे ७७ केल्विनपर्यंतच मजल.

नायोबियम डायसेलेनाइडमध्ये तरंग ३३ केल्विनच्या आसपास उभा राहतो. बाद. नायोबियम ट्रायसेलेनाइडमध्ये दोन टप्पे आहेत, १४५ आणि ५९. वरचा जमेल, पण स्फटिक केसासारखे बारीक, शिवाय ते साखळ्यांचं, जवळपास एकमितीय प्रकरण. टायटॅनियम डायसेलेनाइडला २०० केल्विन. हा बरा उमेदवार आहे, पण रोधाच्या आलेखात त्याचा नुसता उंचवटा येतो, पायरी नाही. उरलं टँटलम डायसल्फाइड, त्यातही १टी प्रकार (१टी, २एच ही थरांतल्या अणूंच्या मांडणीची नावं). साधारण ३५० केल्विनला एक बदल आणि थंड करताना १८० ला दुसरा, दोन्ही दणदणीत. ३५० केल्विन म्हणजे ७७ अंश सेल्सिअस, आणि नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला. या जुळणीला काही अर्थ नाही, पण मुलांच्या डोक्यात आकडा बसेल.

२० जून

स्फटिक आले. आमचा एक माजी विद्यार्थी संशोधनात आहे, त्याच्या गटाने वाढवलेले. नखाएवढे चपटे तुकडे, सोनेरी झाक असलेले. ही झाक महत्त्वाची: २एच प्रकार काळपट दिसतो. क्वार्ट्झच्या बंद नळीत टँटलम, गंधक आणि चिमूटभर आयोडीन घालून, नळीचं एक टोक जास्त तापवून ते वाढवतात. आयोडीन टँटलमला वाफेत उचलून थंड टोकाशी नेऊन सोडतं. शेवटी नळी तापलेली असतानाच पाण्यात बुडवायची. सावकाश निवू दिली तर १टी राहत नाही.

चिकटपट्टी लावून ओढली की वरचा पापुद्रा निघतो आणि खाली आरसा. गंधक-टँटलम-गंधक असा तिपेडी थर, आणि दोन थरांमध्ये फक्त व्हॅन डर वाल्सची ओढ. इलेक्ट्रॉनांची ये-जा मुख्यतः थराच्या आतच. द्विमितीय म्हणायचं ते या अर्थाने.

लॅबच्या काकांनी भिंगातून बघून विचारलं, "हे खरं सोनं नाही ना? नाहीतर कपाटाला दुसरं कुलूप लावू."

२६ जून

संपर्क जोडले. एका रांगेत चार: बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. पन्नास मायक्रॉनची तांब्याची तार, सिल्व्हर पेस्ट, लाकडी टूथपिकचं टोक. या हवेत पेस्ट वाळता वाळत नाही, टेबललॅम्पखाली ठेवून दिलं.

तपासून घेतलं. आतल्या संपर्कांतलं अंतर एक मिलिमीटर, रुंदी तेवढीच, जाडी सुमारे ५० मायक्रॉन. रोधकता एक मिलिओहम-सेंटिमीटरच्या घरात धरली तर रोध यायला हवा ०.२ ओहम. मीटरवर आला ०.२१. एक मिलिअँपिअर प्रवाहाला व्होल्टेज जेमतेम ०.२ मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजला संपर्कांच्या सांध्यांतलं औष्णिक व्होल्टेज सहज चावा घेतं, म्हणून प्रत्येक वाचनाला प्रवाह उलटा करून फरकाचं अर्ध घ्यायचं. हे मुलांच्या प्रात्यक्षिक-पत्रकात ठळक टाइपात जाणार.

२ जुलै

आज सैद्धांतिक बाजू. प्रकल्पाला दोघं आहेत, एक मुलगा कळव्याचा, एक मुलगी कोपरखैरण्याची. दोघांनी पुस्तकातली गोष्ट तयार करून आणली होती: पाइयर्ल्सने दाखवलं की एकमितीय धातू स्थिर राहू शकत नाही. फर्मी पातळीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांच्या काठावर, दोन बिंदू असतात, अधिक केएफ आणि उणे केएफ (केएफ म्हणजे काठावरच्या इलेक्ट्रॉनाचा तरंग-सदिश). त्यांच्यातलं अंतर २केएफ. अणूंची जाळी त्याला जुळणाऱ्या तरंगलांबीने किंचित सुरकुतली की फर्मी पातळीवर फट पडते, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा खाली येते, आणि जाळीला वाकवायला लागणारी ऊर्जा त्याहून कमी असते. सौदा फायद्याचा. मग पुस्तक पुढच्याच परिच्छेदात म्हणतं, "द्विमितीतही असंच", आणि फर्मी पृष्ठाचे (भरलेल्या अवस्थांच्या सीमेचे) दोन समांतर तुकडे काढून दाखवतं, एक सरकवला की दुसऱ्यावर बसणारा. नेस्टिंग.

मी म्हटलं, लॅपटॉप उघडा आणि लिंडहार्ड फलन काढा. म्हणजे क्यू तरंग-सदिशाचा हलकासा धक्का दिला तर इलेक्ट्रॉनांची घनता किती प्रतिसाद देते ते. एकमितीत मुक्त इलेक्ट्रॉनांसाठी २केएफला लॉगरिदमने वर जाणारं टोक आलं. तापमान वाढवलं की टोक बोथट होतं. इथवर पुस्तकाप्रमाणे.

मग द्विमिती. मुलाने आलेख बघितला, पुन्हा चालवला, जाळीचे बिंदू वाढवले, परत बघितला.

"मॅडम, टोक कुठंय?"

नाहीच आहे. मुक्त द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद शून्यापासून २केएफपर्यंत सपाट असतो, टेबलासारखा. २केएफच्या पुढे तो उतरायला लागतो. कोपरा आहे, टोक नाही. फर्मी पृष्ठ वर्तुळ आहे, आणि वर्तुळ २केएफने सरकवलं तर ते मूळ वर्तुळाला एका बिंदूतच शिवतं. तेवढ्या शिवणीवर कुठला तरंग उभा राहणार?

मुलीने लगेच चौरस जाळी घातली, अर्धी भरलेली. तिथे फर्मी पृष्ठ तिरका चौकोन होतो, समोरासमोरच्या कडा अगदी समांतर, आणि (π, π) या सदिशाला सणसणीत टोक आलं. ती खूश. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनांचा भराव दहा टक्के कमी कर. टोक खचलं, फुटलं, बाजूला सरकलं. खऱ्या पदार्थाचं फर्मी पृष्ठ कुठे इतकं शहाण्यासारखं वागतं?

२००८ मध्ये जोहान्स आणि मेझिन यांनी हाच मुद्दा नीट मांडला. नायोबियम डायसेलेनाइड वगैरे पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचे ऊर्जा-पट्टे संगणकावर काढून त्यांनी दाखवलं की फर्मी पृष्ठाची जुळणी आणि प्रत्यक्ष तरंगाचा सदिश यांचा मेळ बहुतेक ठिकाणी बसत नाही. बसतो तिथेही नुसत्या जुळणीने एवढी ऊर्जा मिळत नाही. तरंग कुठल्या सदिशाला उभा राहणार हे ठरतं इलेक्ट्रॉन आणि फोनॉन (जाळीची कंपनं) यांची पकड कुठे घट्ट आहे यावर. ही पकड सगळ्या सदिशांना सारखी नसते. म्हणजे जाळी नुसती मागे फरफटत येत नाही, तीही ओढते.

या प्रात्यक्षिकाच्या पत्रकात "नेस्टिंगमुळे" हे कारण म्हणून येणार नाही, एवढं आज ठरलं. सहकाऱ्यांपैकी एकाला हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तसंच आहे, मुलं परीक्षेत काय लिहिणार? दोन्ही लिहितील, आणि आलेख काढून दाखवतील. परीक्षकाला आलेखाशी भांडता येत नाही.

९ जुलै

१८० केल्विनखाली टँटलमचे तेरा-तेरा अणू एकत्र येऊन षट्कोनी तारा करतात, हे सांगून कळत नाही, काढून कळतं. आईचा ठिपक्यांच्या रांगोळीचा जाड कागद घरून आणला. मधल्या ठिपक्यांचा, म्हणजे एका ओळीचे ठिपके दुसरीच्या फटींत येतील असा. टँटलमच्या थराची जाळी थोडंफार तशीच. ओळींमधलं अंतर किंचित कमी-जास्त आहे, पण काम भागतं. रांगोळी टाकली लॅबच्या काळ्या ओट्यावर.

एक ठिपका मध्ये. त्याला लागून सहा. मग दोन-दोन ठिपक्यांच्या बेचक्यांत बसणारे बाहेरचे सहा. झाले तेरा, आणि बाहेरचे जोडले की तारा. शेजारच्या ताऱ्याचा मध्य कुठे? सरळ तीन ठिपके जायचं, साठ अंशांत वळायचं, एक ठिपका. अंतराचा वर्ग ९ अधिक ३ अधिक १, म्हणजे १३. म्हणून जाळीचं नवं माप वर्गमूळ १३ पट, साधारण ३.६. ठिपक्यांमधलं खरं अंतर ३.३६ अँगस्ट्रॉम, तेव्हा ताऱ्यांमधलं सुमारे १२. कोनमापक लावला: मूळ ओळीपासून तिरकस १३.९ अंश.

मुलाने उजवीकडे वळून रांगोळी भरायला घेतली, मुलीने दुसऱ्या बाजूने डावीकडे. ओट्याच्या मध्यावर दोघांचे तारे भेटले आणि जुळेनात. काही ठिपके उरले, काहींवर दोघांनी हक्क सांगितला. सांगायला लागलंच नाही: तरंगाला उजवा आणि डावा असे दोन हात असतात, आणि दोन प्रदेशांच्या सीमेवर अशीच ओढाताण असते. एका हाताने भरलं की मात्र एकही ठिपका सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

ताऱ्यातले बाहेरचे अणू मध्याकडे किती सरकतात? अणूंमधल्या अंतराच्या सहा-सात टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्फटिकशास्त्रात हे सरकणं मोठंच. विवर्तनात त्याचे उपबिंदू लख्ख दिसतात. विल्सन, दि साल्व्हो आणि महाजन यांनी १९७४-७५ मध्ये या थरांच्या धातूंमधले तरंग ओळखले ते इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या अशाच चित्रांवरून. १९८५ मध्ये कोलमन आणि सहकाऱ्यांनी एसटीएमच्या (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या) सुईने हेच तारे थेट पृष्ठावर पाहिले.

संध्याकाळी ओटा पुसायला काका तयार नव्हते. उद्यापर्यंत राहू दे म्हणाले.

१५ जुलै

द्रव नायट्रोजन आणला. एमआयडीसीतल्या पुरवठादाराकडून दहा लिटरच्या ड्यूअरमध्ये (थर्मासासारखं भांडं). रिक्षावाल्याने झाकणातून येणारी वाफ बघून बसवून घ्यायला नकार दिला. दुसरा तयार झाला, "ताई, फुटणार नाही ना?" एवढं विचारून. रिक्षा उघडी असते हेच बरं. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो, बंद काचांच्या गाडीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि वासही येत नाही. ड्यूअरचं झाकण कधीही घट्ट लावायचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलो तेवढ्यात थोडा उडाला.

१७ जुलै

आर्द्रता. आषाढातल्या नवी मुंबईत थंड केलेली कुठलीही वस्तू उघड्यावर ठेवायची सोय नाही. नमुना असाच वाफेत सोडला तर त्यावर आधी दव, मग बर्फ, आणि गरम करताना संपर्कांमधून पाणी. म्हणून पितळी नळी: एक टोक झाळलेलं, आत तांब्याचा ठोकळा, त्याच्या एका अंगाला नमुना, पाठीमागे पीटी-१०० तापमान-संवेदक, तळाला सिलिका जेलची पुडी. नळी भरताना कोरडा नायट्रोजन वायू फुंकायचा. वरच्या टोपीला बारीक रबरी झडप, कारण चुकून द्रव आत शिरला आणि गरम झाला तर नळीची बंदूक होईल.

पीटी-१०० तपासला: बर्फाच्या पाण्यात १००, द्रव नायट्रोजनमध्ये २० ओहमच्या थोडा वर. १८० केल्विनला ६३ यायला हवेत, ३५० ला १३०. हे चार आकडे ओट्यावर चिकटवून ठेवले.

२२ जुलै

थंड करणं सुरू. नळी ड्यूअरच्या तोंडातून वाफेत इंचाइंचाने खाली सोडायची, मिनिटाला एक केल्विनहून वेग नको. घाई केली तर स्फटिक तडकतो, आणि ठोकळा व नमुना यांच्या तापमानात अंतर पडतं. ३०० पासून ८० पर्यंत पावणेचार तास. प्रात्यक्षिकाची वेळ चार तासांची! म्हणजे एका बॅचने थंड करायचं, दुसरीने गरम. वेळापत्रकवाल्यांशी बोलावं लागणार.

रोध ०.२१ वरून चढत चढत १९० केल्विनला ०.३५. धातू थंड केला तर रोध उतरायला हवा, इथे उलटं. मग १८४ च्या पुढे वाचनं पळायला लागली: ०.४, ०.७, १.५. १७८ ला २.६ वर टेकली. सहा केल्विनमध्ये सातपट. मुलगी नुसती आकडे वाचत होती आणि तिचा आवाज चढत होता. शेजारच्या लॅबमधले दोघं बघायला आले.

उडी येणार हे ठाऊक होतंच. तरी ती आपल्या मीटरवर, रिक्षातून आणलेल्या नायट्रोजनवर आलेली बघणं वेगळं.

२३ जुलै

गरम करताना. १८० आलं, काही नाही. १९०, २००, रोध वरच. मुलाला वाटलं संवेदक सुटला. २२० च्या आसपास पहिली पायरी उतरली, पण थंड करतानाच्या रेषेवर आली नाही, मध्येच थांबली. २८० जवळ दुसरी पायरी, आणि मग जुनी रेषा.

हा आलेख म्हणजे या प्रात्यक्षिकाचा गाभा. जाताना एक पायरी, येताना दोन, आणि त्याही चाळीस-शंभर केल्विन उशिरा. पाइयर्ल्सच्या गोष्टीत तरंग हळूहळू उमलतो. दुसऱ्या प्रकारचं स्थित्यंतर, जाता-येता एकच वाट. इथे तसं होत नाही. १८० च्या वर तरंग असतोच, ३५० च्याही वर असतो. १८० ला तो नव्याने जन्मत नाही. तो जाळीच्या मापात अडकतो. वर असताना ताऱ्यांचे छोटे प्रदेश असतात आणि मध्ये विसंगतीच्या भिंती, ओट्यावर उजव्या-डाव्या रांगोळीच्या सीमेवर दिसली होती तशी ओढाताण, फक्त इथे हात एकच आणि सरकलेला. मॅकमिलनने सत्तरच्या दशकात या भिंतींचा सिद्धांत मांडला. खाली उतरताना भिंती नाहीशा होतात आणि सगळा थर एकाच चौकटीत बसतो. एकदा बसलेली चौकट सोडवायला जास्त उष्णता लागते. अडकणं आणि सुटणं वेगवेगळ्या तापमानाला, म्हणून हिस्टेरिसिस. गरम करतानाची मधली अवस्था थंड करताना येतच नाही. तिच्यात तारे पट्ट्यांसारखे रचले जातात.

नेस्टिंगने यातलं काहीही सांगता येत नाही. जाळीचं माप नसेल तर अडकायला जागाच नाही.

३१ जुलै

गरम बाजू. नायट्रोजन नको, हीटर पुरे. ३५४ ला रोध निम्म्याच्या जवळ घसरला, परत येताना ३४८ ला उसळला. तासाभराचं काम. इथे तरंगाचा तिरपेपणा जाऊन तो जाळीच्या दिशेत येतो, पण लांबी जाळीच्या मापात बसत नाही.

मुलाला आणखी वर जाऊन तरंग पूर्ण वितळलेला बघायचा होता. ५५० केल्विनच्या आसपास तो जातो, पण तिथे स्फटिकाची जातच बदलू लागते, १टीचा २एच होतो, आणि परत येत नाही. नमुना घालवायचा नाही.

८ ऑगस्ट

मुलीचा प्रश्न: "मॅडम, हा तर जाड स्फटिक आहे. खरं द्विमितीय म्हणायचं तर एकच थर हवा ना?"

रास्त आहे. खऱ्या अर्थाने द्विमितीय इलेक्ट्रॉन म्हणजे गॅलियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांच्या सांध्यातले. आडवी हालचाल मोकळी, उभी बंद. तिथली गोष्ट आमच्यापेक्षा निराळी आणि जास्त वळणांची आहे. १९७९ मध्ये फुकुयामा, प्लाट्झमन आणि अँडरसन यांनी म्हटलं की जोरदार चुंबकीय क्षेत्रात या इलेक्ट्रॉनांचा प्रभार-घनता तरंग व्हावा. १९८२ मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना तळाच्या लँडाऊ पातळीत (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या ज्या ठरावीक पायऱ्या पडतात त्यांपैकी सर्वांत खालच्या) अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम सापडला: तिथे तरंग नाही, एक विलक्षण द्रव होता. तरंगाची कल्पना अडगळीत गेली. १९९६ मध्ये कुलाकोव्ह, फॉगलर व श्क्लोव्स्की आणि स्वतंत्रपणे मोसनर व चॉकर यांनी ती बाहेर काढली: वरच्या लँडाऊ पातळ्यांत इलेक्ट्रॉन पट्ट्यांत विभागले जातील, पट्ट्यांमधलं अंतर सायक्लोट्रॉन त्रिज्येच्या (क्षेत्रात इलेक्ट्रॉन ज्या वर्तुळात फिरतो त्याच्या त्रिज्येच्या) जवळपास तिप्पट. १९९९ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी लँडाऊ पातळ्यांचा भराव ९/२, ११/२ अशा ठिकाणी पाहिलं की एका दिशेने रोध खूप, काटकोनात खूप कमी. चौकोनी नमुन्याच्या भूमितीमुळे हा फरक वाढून दिसतो हेही लवकरच लक्षात आलं, पण पट्टे राहिले.

इथे जाळी भागीदार नाही. इलेक्ट्रॉनांची आपसातली कुलोम्ब-विनिमय ओढ पुरते. पण तापमान लागतं एका केल्विनच्या दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे विभागप्रमुखांचा हीलियमचा प्रश्न परत.

आणि एकच थर? नायोबियम डायसेलेनाइडच्या एका थरात तरंगाचं तापमान १४५ केल्विनपर्यंत चढतं असं २०१५ मध्ये एका गटाने रामन मापनावरून म्हटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने एसटीएमने पाहिलं तर जाड स्फटिकापेक्षा फारसा फरक नव्हता. थर कशावर ठेवलाय, कसा बनवलाय, यावर बरंच अवलंबून. "दोघांपैकी खरं कोण?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही शोधनिबंध वाच आणि खाली काय होतं ते आधी बघ.

१९ ऑगस्ट

पाऊस. लोकल बंद, कॉलेज बंद. आलेख घरून सारखे केले.

२२ ऑगस्ट

जाता जाता एक कोडं, पत्रकाच्या मागच्या पानासाठी. प्रत्येक टँटलम अणूचा एक इलेक्ट्रॉन, ताऱ्यात तेरा. बारा इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्यांनी सहा ऊर्जा-पट्टे भरतात, तेरावा एकटा उरतो. अर्धा भरलेला पट्टा म्हणजे धातू. मग १८० च्या खाली रोध सातपट का? १९७९ मध्ये फाझेकास आणि तोसात्ती यांनी उत्तर दिलं: तेरावे इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके नकोसे असतात की प्रत्येक जण आपल्या ताऱ्यातच बसून राहतो. मॉट रोधक. अलीकडे यावर वाद आहे, कारण थर एकावर एक जोडीजोडीने रचले तर दोन ताऱ्यांचे मिळून सव्वीस होतात आणि साध्या पट्ट्यांच्या हिशोबानेही रोधक मिळतो. मुलांना हा वाद आवडला. आमच्या मीटरवर दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात, हेही लिहायला सांगितलं.

रोधाच्या आलेखाची हद्द याच्याही अलीकडे संपते. तो पायरी दाखवतो, तारा नाही. तारा दिसायला विवर्तन किंवा सुई हवी. जर्नलमध्ये "आम्ही तरंग पाहिला" लिहिलं तर मी खोडणार.

९ सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा सुरू. जुन्या नमुन्याचा एक संपर्क सुटला, नवा जोडला. इतक्या वेळा खाली-वर करून स्फटिकात बारीक भेग गेलेली भिंगात दिसते. खोलीच्या तापमानाचा रोध ०.२१ चा ०.२४ झालाय. पायऱ्या जागच्या जागी आहेत. रोधाचा आकडा भेगेने बदलतो, पायरीचं तापमान नाही. मोजायची राशी कोणती निवडावी याचं बरं उदाहरण मिळालं. दर वर्षी दोन नमुने राखीव ठेवायचे.

१८ सप्टेंबर

पत्रक छापायला गेलं. पहिल्या पानावर चार आकडे आणि नायट्रोजनची काळजी. दुसऱ्यावर लिंडहार्डचं काम, एकमिती आणि द्विमिती शेजारी शेजारी, आणि खाली प्रश्न: टोक नसताना तरंग का? तिसऱ्यावर रिकामा आलेख, थंड आणि गरम अशा दोन रंगांत भरायचा. रांगोळीचा कागद पाकिटात घालून प्रत्येक बॅचला द्यायचा. आईने तीन नवे आणून दिलेत.

वेळापत्रकवाल्यांनी दोन लागोपाठच्या दिवसांची मागणी मान्य केली, पण नमुना रात्रभर ८० केल्विनला ठेवता येणार नाही. म्हणजे दुसऱ्या बॅचला आधी पुन्हा थंड करावं लागेल, भर वेगात. मिनिटाला तीन केल्विन चालतात का, ते राखीव तुकड्यावर बघून घ्यायचं.

कळव्याच्या मुलाने आज एक मागणी केली: गरम करताना पहिली पायरी उतरून गेली की २५० ला थांबायचं, आणि तिथून परत खाली जायचं. मधल्या अवस्थेतून नमुना पुन्हा चौकटीत कुठल्या वाटेने जातो, जातो का, ते बघायला. पुढच्या आठवड्यात नायट्रोजन येतोय. पहिल्या दिवशी नेहमीची फेरी, दुसऱ्या दिवशी त्याची.